वाचक विचारतात : जुलैतली सुरमई, बोटभर पापलेट आणि दारावरचं इंद्रजाल

मागच्या अंकात याच पानावर मी एवढंच लिहिलं होतं की मासळी महाग झाली म्हणून बाजारातल्या मावशींशी वाद घालू नका, कारण समुद्रात आणि सरकारी फायलींत शोधा. त्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की या वेळी अख्खं पान मासळीलाच दिलंय. माझं माहेर देवगडकडचं आणि संसार सांगलीत, म्हणून घाटाच्या दोन्ही बाजूंचं थोडंफार कळतं. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, तर नुसती गावं देतेय.

मिरज : ताई, जून-जुलैत समुद्रात मासेमारी बंद असते म्हणता, मग आमच्या मार्केटात ऐन जुलैत सुरमई न् बांगडा कुठनं येतो? का बंदी नुसती कागदावरच हाय?

बंदी खरी आहे हो. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना समुद्रात जायला मनाई असते. बिगरयांत्रिक, म्हणजे वल्ह्या-शिडाच्या होड्यांना सूट आहे, पण पावसाळी समुद्रात त्या जाऊन जाऊन जाणार किती लांब.

मग तुमच्या ताटातली जुलैतली सुरमई कुठली? तर बहुतेक वेळा पलीकडच्या किनाऱ्याची. आंध्र, तमिळनाडू, ओडिशा या बाजूला बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, म्हणजे आपल्या बोटी किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात तेव्हा जूनच्या मध्यापासून तिकडच्या बाहेर पडलेल्या असतात. तिथला माल बर्फात घालून ट्रकनं इकडं येतो. दुसरा वाटा कोल्ड स्टोरेजचा, मे महिन्यात भरून ठेवलेला. तिसरा वाटा खाडीतल्या मासळीचा, तो थोडा. आणि चौथा वाटा चोरून बाहेर पडणाऱ्यांचा, तो नाहीच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पकडले गेले तर मासळी जप्त होते, दंड होतो, पण समुद्र केवढा आणि गस्तीच्या नौका किती हेही बघायला पाहिजे.

एक गोष्ट मात्र लोक सरसकट चुकीची सांगतात, की या दोन महिन्यांत सगळेच मासे अंडी घालतात. तसं नाही, प्रत्येक जातीचं वेळापत्रक वेगळं, काहींचं वर्षभर चालू असतं. पण बऱ्याच महत्त्वाच्या जातींचा हंगाम पावसाच्या आसपास येतो, शिवाय तळ खरवडणारी ट्रॉल जाळी दोन महिने थांबली की सगळ्यांनाच उसंत मिळते, आणि वादळात माणसं मरत नाहीत हा फायदा तर वेगळाच. आमच्याकडं जुनी माणसं नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी लोटत नसत. आताची बंदी 31 जुलैला संपते आणि नारळी पौर्णिमा बऱ्याचदा त्यानंतर येते, म्हणून पारंपरिक मच्छीमार बंदी पुढं वाढवा म्हणतात तर मोठ्या बोटीवाल्यांना एकेक दिवस जड जातो. मला विचाराल तर मी पारंपरिक वाल्यांच्या बाजूची, पण कर्ज काढून बोट घेतलेल्यांचं दुखणं खोटं आहे असं नाही म्हणणार.

कराड : रविवारी अगदी लहान पापलेट स्वस्तात मिळालं. मिस्टर म्हणाले असलं घेऊ नये, कायदा आहे. खरंच आहे का कायदा? आणि असला तर बाजारात येतंच कसं?

मिस्टरांचं बरोबर आहे. 2023 मध्ये राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागानं 54 जातींची कमीत कमी लांबी ठरवून दिलीय, त्याहून लहान मासा पकडायचा नाही आणि विकायचाही नाही. हे आकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवर बेतलेत. पापलेट 135 मिलिमीटर, बांगडा 110, हलवा 170, बोंबील 180, सुरमई 370. मिलिमीटर म्हटलं की आपल्याला काही उलगडत नाही, म्हणून असं धरा की पोस्टकार्डाच्या लांबीपेक्षा पापलेट जेमतेम अर्धा सेंटिमीटर कमी असलं तर चालेल, त्याहून कमी असलं तर ते पिल्लू आहे. सुरमईला शाळेची फूटपट्टी पुरत नाही, पट्टी संपून वर चार बोटं मासा उरला पाहिजे.

त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. राज्यमासा म्हणून मान द्यायचा आणि पिल्लं किलोवर विकायची, असा आपला कारभार. पालघरकडं सातपाटी हे पापलेटसाठी नाव असलेलं बंदर, तिथले लोकच कितीतरी वर्षं ओरडतायत की पिल्लं धरणं थांबवा.

बाजारात येतं कसं, तर जाळ्याच्या आसामुळं. आस म्हणजे जाळ्याचा एक चौकोन, एक घर. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत सगळा मासा गोळा होतो, तिथली आस साधी शंकरपाळ्याच्या आकाराची असली की बोट ओढायला लागल्यावर ताणानं मिटते आणि मग काडीएवढं पिल्लूसुद्धा बाहेर पडत नाही. म्हणून तिथं 40 मिलिमीटरची चौकोनी आस वापरायला सांगतात, ती ओढतानाही उघडी राहते. नियम एवढा सोपा आहे. पण बारीक आसाच्या जाळ्यात जास्त माल येतो, जो विकला जात नाही तो फिशमीलच्या कारखान्याला जातो, त्याचं कोंबड्यांचं नि कोळंबीचं खाद्य होतं, म्हणजे पिल्लालाही गिऱ्हाईक आहेच. बंदरावर तपासायला माणूस उभा असला तर असला, नसला तर माल रात्रीत कुंभार्ली घाट चढून सकाळी तुमच्या कराडात.

कराडच्या बाजारात येऊन कुणी पट्टी लावत नाही, त्यामुळं इथं पट्टी लावणारं गिऱ्हाईकच. तुम्ही नाही घेतलं तर दुसरी कुणी घेईल हे मला माहितेय, तरी विक्रेत्या मावशींना सरळ सांगायचं की बारकं नको, मोठं दोनच दे. दोन-चार घरांनी असं म्हटलं की पुढच्या खेपेला त्या वरच्या व्यापाऱ्याला तेच सांगतात, धंदा त्यांनाही कळतो. पण मांदेली, जवळा, तारली हे जातीनंच लहान मासे आहेत, त्यांना बारकं म्हणून नाकारू नका, ते खा बिनधास्त.

विश्रामबाग, सांगली : मुलगा अमेरिकेत सिएटलला असतो. तो म्हणतो की तिकडं सरकार दरवर्षी कुठला मासा किती टन पकडायचा ते ठरवतं, तेवढा झाला की मासेमारी बंद. आपल्याकडं असं का नाही? इच्छाशक्तीच नाही का?

इच्छाशक्तीवर सगळं ढकलणं सोपं आहे, पण इथं गणितच वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुलगा सांगतोय ते खरं. तिकडं हे काम करणारं खातं म्हणजे नोआ फिशरीज. गंमत म्हणजे ते त्यांच्या वाणिज्य खात्याच्या हाताखाली येतं, शेतीच्या किंवा पर्यावरणाच्या नाही. त्याची सुरुवात 1871 सालची, तेव्हा मासे का कमी होतायत हे शोधायला एक आयोग नेमला होता. पण खरा कायदा 1976 चा, मॅग्नुसन-स्टीव्हन्स नावाचा. त्यानुसार किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीसाठी आठ विभागीय मंडळं आहेत, त्यांत मच्छीमार, राज्यांचे अधिकारी, जाणकार असे सगळे बसतात. शास्त्रज्ञ सांगतात की या साठ्यातून इतकं काढलं तर साठा टिकेल, मंडळाला त्या आकड्याच्या वर जाता येत नाही. 2006 मध्ये कायदा आणखी आवळला, तेव्हापासून वर्षाची मर्यादा ठरवणं बंधनकारक झालं. अलास्काकडच्या कितीतरी बोटींवर तर खात्याचा निरीक्षक चढतो, जाळ्यात काय आलं, काय फेकलं ते लिहून घेतो. आणि साठा कोसळला तर खरंच बंद करतात. 2022 मध्ये बेरिंग समुद्रातल्या स्नो क्रॅब खेकड्यांचा अख्खा हंगाम रद्द केला होता, पाणी तापल्यामुळं खेकडे अब्जावधींनी कमी झाले होते. बोटीवाल्यांचं नुकसान झालं, बोंब झाली, तरी बंद म्हणजे बंद.

पण तिथं सगळं आलबेल आहे असंही मुलाला समजू देऊ नका. न्यू इंग्लंडकडचा कॉड मासा, ज्याच्यावर तिकडची गावंच्या गावं उभी राहिली, तो एवढं मोजूनमापूनसुद्धा सावरलेला नाही.

आता आपल्याकडं का नाही. अलास्कात एक जाळं टाकलं की बहुतेक एकाच जातीचा मासा येतो, पोलॉक तर पोलॉक. आपल्याकडं रत्नागिरीच्या ट्रॉलरनं एक जाळं ओढलं की त्यात कोळंबी, म्हाकूल, राणीमासा, ढोमी, वाकटी, बळा, खेकडे असं सगळं एकत्र. समजा बळ्याचा कोटा संपला, तर जाळ्याला कसं सांगणार की बळा सोडून बाकीचं आण? दुसरं, महाराष्ट्रात साडेचारशेच्या वर मच्छीमार गावं आहेत आणि मासळी उतरवायच्या जागा दीडशेच्या वर. तिकडं मोठ्या बोटी ठरावीक कारखान्यांत माल देतात, तिथं वजनकाटा असतो. इथं पहाटे पुळणीवर टोपल्या उतरतात, लिलाव बोटांनी होतो आणि आठ वाजेपर्यंत सगळं सुनसान. काटा लावणार कुठं आणि किती ठिकाणी?

म्हणून आपल्याकडं किती धरायचं ते न ठरवता कधी, कुठं आणि कशानं धरायचं ते ठरवतात. कधी, तर पावसाळी बंदी. कुठं, तर ट्रॉल आणि पर्ससीन नेट (माशांना गोल वेढून खालून आवळायचं मोठं जाळं) किनाऱ्यालगत चालत नाहीत, तो पट्टा लहान मच्छीमारांचा. कशानं, तर आसाचा आकार, बोटीच्या इंजिनाची ताकद, परवाना. याचा मूळ कायदा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981. त्यात 2021 मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्याआधी बेकायदा बोट पकडली तर सुनावणी तहसीलदारांपुढं व्हायची, बिचाऱ्या तहसीलदारांना सातबारा सोडून पर्ससीनचा निकाल द्यायला लागायचा आणि दंडही इतका किरकोळ की मालक हसत भरायचे. आता सुनावणी मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्यापुढं होते आणि दंड लाखांत गेलेत.

माझं स्वतःचं म्हणणं, आपली पद्धत वाईट नाही, पण तिची एक गोम आहे. दोन महिने बंदी पाळली आणि उरलेले दहा महिने दुप्पट ताकदीच्या इंजिनानं दिवसरात्र जाळी ओढली तर कागदावर सगळं कायदेशीर आणि समुद्र मात्र रिकामा. किनाऱ्यावर एकूण बोटी किती असाव्यात हा प्रश्न कुठलंही सरकार धसाला लावत नाही, कारण बोट म्हणजे मतं. कोचीच्या त्याच संस्थेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये महाराष्ट्रात जेमतेम 2 लाख टन सागरी मासळी उतरली, 45 वर्षांतला नीचांक होता तो. त्या वर्षी क्यार, महा अशी चक्रीवादळं लागोपाठ आली, बोटी कितीतरी दिवस बाहेरच पडल्या नाहीत हे खरं, पण नुसत्या वादळावर सगळं घालता येणार नाही.

आणखी एक घोळ. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, त्यापुढं 200 मैलांपर्यंत केंद्राचा. एक सागरी मैल म्हणजे 1.85 किलोमीटर, म्हणजे साधारण 22 किलोमीटरवर हद्द बदलते. बाराच्या आत मत्स्यव्यवसाय विभाग, बाराच्या बाहेर तटरक्षक दल, कासव-डॉल्फिन असला तर वन विभाग, पाणी घाण झालं तर प्रदूषण मंडळ. मासा बिचारा रोज सकाळ-संध्याकाळ हद्द ओलांडतो, त्याला काय माहीत कुठल्या ऑफिसात अर्ज द्यायचा.

तासगाव : बातम्यांत सारखं एलईडी मासेमारी एलईडी मासेमारी येतं. दिवा लावून मासे धरले तर त्यात एवढं काय बिघडलं? आम्ही पण लहानपणी बत्ती घेऊन खेकडे धरायचो ओढ्याला.

तुमची बत्ती आणि ती बत्ती यात फार फरक आहे हो. बोटीवर जनरेटर ठेवतात, हजारो वॉटचे दिवे पाण्यावर, कधी पाण्याखालीसुद्धा सोडतात. लांबलांबचा मासा उजेडाला येऊन गोळा होतो, लहान मोठा अंडीवाला सगळा, मग पर्ससीन जाळं त्याच्याभोवती गोल टाकून खालून पिशवीसारखं आवळतात. एका रात्रीत टनावारी माल. आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर रापण, म्हणजे हातानं ओढायचं लांब जाळं, ओढणाऱ्या पन्नास माणसांच्या वाट्याला शेवाळ. केंद्रानं 2017 च्या नोव्हेंबरात यावर बंदी घातली, राज्याच्या 2021 च्या दुरुस्तीत 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत दंड ठेवलाय. 2025 च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरवतायत.

तरी चालतंच. ड्रोनवाला बारा मैलांच्या आत बघतो, दिवे बारा मैलांच्या पलीकडं लागतात. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावरनं रात्री बघितलं तर क्षितिजावर ओळीनं उजेड दिसतो, पर्यटकांना वाटतं किती छान.

सातारा, शाहूपुरी : ऑनलाइन "सिद्ध इंद्रजाल" मागवलं, दारावर फ्रेम करून लावलंय, नजर लागत नाही म्हणतात. भाचा फॉरेस्टची परीक्षा देतोय, तो म्हणाला मामी हे काढा, जेल होईल. घाबरवतोय का?

घाबरवत नाहीये, भाचा पास होणार बघा. इंद्रजाल म्हणून जे काळं, जाळीदार झाडासारखं विकतात ती वनस्पती नाहीच, ते समुद्राच्या तळाशी वाढणारं प्रवाळ आहे, ब्लॅक कोरल नाहीतर सी फॅन. हजारो बारीक जीव मिळून तो सांगाडा बनवतात आणि तो इतका हळू वाढतो की तुमच्या फ्रेमएवढा व्हायला वर्षानुवर्षं लागतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं वाघाच्या पंगतीत. बाळगणं, विकणं, विकत घेणं तिन्ही गुन्हे. पहिल्या अनुसूचीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी 25 हजार दंड आहे. त्याच साइटवर "हाथाजोडी" म्हणून घोरपडीचा अवयव विकतात, तेही तसंच. बाजारात काही वेळा प्लास्टिकचं बनावट इंद्रजालही असतं, तुमचं तसलं निघालं तर सुटलात असं समजा, फक्त पैसे गेले.

आता ते कचऱ्यात टाकू नका आणि दुसऱ्या कुणाला देऊही नका. वनक्षेत्रपालांच्या ऑफिसात जाऊन सरळ काय झालं ते सांगा, बिल असेल तर दाखवा, आधी एखाद्या वकिलाचा सल्ला घेतलात तर आणखी बरं. नजरेसाठी लिंबू-मिरची आहे की, पाच-दहा रुपयांत काम होतं.

याच प्रकारात व्हेल माशाची उलटी. आपल्याच सांगली-कोल्हापूर भागात ती पकडल्याच्या बातम्या येतात, कोटींचे आकडे छापतात आणि तरुण पोरांना वाटतं एकदा हाताला लागली की आयुष्याचं कल्याण. तो पदार्थ स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो, सेंट बनवायला वापरतात. पण त्याचा व्यापार भारतात बेकायदाच आहे, त्यामुळं त्या कोटींच्या भावाला कुणी कायदेशीर गिऱ्हाईकच नाही. गिऱ्हाईक म्हणून जो येतो तो बऱ्याचदा साध्या वेशातला पोलीस असतो.

वाई : वेळासला कासवं बघायला गेलो होतो, छान वाटलं. पण जाळ्यात कासव आलं तर कोळी लोक काय करतात? त्यांचं तर जाळं फाटतं.

चांगला प्रश्न, कारण कासवाचं कौतुक सगळे करतात आणि जाळ्याचं कुणी विचारत नाही. वेळास मंडणगड तालुक्यातलं, तिथं 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. ते झालं किनाऱ्यावरचं. समुद्रात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क जाळ्यात अडकला तर पूर्वी जाळं वाचवायचं की जीव, हा सवाल असायचा, जाळं हजारो रुपयांचं. 2018 च्या डिसेंबरपासून राज्यानं योजना काढली, संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापलं तर 25 हजारांपर्यंत भरपाई. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो, बाकी कागद वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग बघतात. सरकारी योजनांवर मी सहसा टीकाच करते, पण ही मला मनापासून आवडलेली. कारण तिच्यात कोळ्याला चोर धरलेलं नाही.

ट्रॉल जाळ्यात कासवाला बाहेर पडायला खिडकी ठेवायचं एक साधन असतं, टेड म्हणतात त्याला. जाळ्यात तिरका दांड्यांचा गज बसवायचा, कोळंबी गजातून मागं पिशवीत जाते, कासव गजाला आपटून वरच्या झडपेतून बाहेर. आपल्या बोटी ते वापरत नाहीत म्हणून अमेरिकेनं काही वर्षांपूर्वी भारताची समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं, तळ्यातली चालते. बोटीवाले म्हणतात खिडकीतून कोळंबीही पळते. थोडी पळत असेलही, पण निर्यात बंद झाल्यानं गेलं ते किती.

पाटण : कोयनेच्या जलाशयात मासे धरायला गेलं की फॉरेस्टवाले हाकलतात. समुद्रासारखी आम्हाला दोन महिन्यांची बंदी का नाही, बारा महिने बंदी का?

कारण तुमचा जलाशय सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. कोयना अभयारण्य 1985 चं, चांदोली पुढं राष्ट्रीय उद्यान झालं आणि दोन्ही मिळून 2010 मध्ये व्याघ्र प्रकल्प. तिथं वन्यजीव कायदा चालतो, मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना चालत नाही. धोम, कण्हेर, उरमोडी अशा बाकीच्या धरणांवर मात्र खातं ठेका देतं, मच्छीमार सहकारी संस्था ठेका घेतात, कटला, रोहू, मृगळाचं बीज सोडतात आणि धरतात. धरणाला आधी जमिनी गेल्या, मग मासळीही गेली, तुमचा राग मला कळतो. पण चोरून जिलेटिन नि करंट लावून मासे मारणारे जे आहेत त्यांची बाजू मी घेणार नाही. पाण्यात स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, इंग्रजांच्या वेळची.

इस्लामपूर : मोरी खाल्ली तर चालते का? शार्क असते म्हणे.

मोरी म्हणजे लहान शार्कच. बाजारात येणाऱ्या नेहमीच्या जातींवर बंदी नाही, पण काही शार्क, काही पाकट आणि करवती मासा संरक्षित आहेत. तुकडे केल्यावर ओळखू येत नाही, म्हणून मी घेत नाही. चवीला छान असते हे मान्य.

जत : बारावी सायन्सला आहे. आमच्याकडं प्यायला पाणी नाही, पण मला मासळीच्या खात्यात नोकरी करायची आहे. हसू नका.

हसते कशाला. बारावीनंतर मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी असते, बी.एफ.एस्सी. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय 1981 पासून आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. विदर्भ-मराठवाड्यात नागपूर आणि उदगीरला आहेत. सीईटी द्यावी लागते. पदवीनंतर खात्यातली पदं स्पर्धा परीक्षेतून भरतात, पुढं शिकायचं असेल तर मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. आणि खात्यात काय फक्त समुद्रच नसतो, प्रत्येक जिल्ह्यात सहायक आयुक्तांचं ऑफिस असतं, सांगलीतही आहे. शेततळ्यात मासे करणारे लोक तुमच्याच तालुक्यात निघतील, सुट्टीत त्यांच्याकडं जाऊन बघ.

अंकली : नदीत मेलेल्या माशांचा खच पडतो, सगळे फोटो काढतात, दोन दिवस वास येतो आणि विषय संपतो. तक्रार मासळी खात्याकडं करायची का?

त्यांना कळवा, पण मुख्य तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं, सांगलीत त्यांचं उपप्रादेशिक कार्यालय आहे. मळीचं किंवा गावाच्या गटाराचं पाणी नदीत आलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, उन्हाळ्यात पाणी कमी आणि कोमट असतं तेव्हा तर आणखीच, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. तीच वेळ असते हालचाल करायची. मेल्यावर दुसऱ्या दिवशी नमुना घेतला तर वाहून गेलेल्या पाण्यात काय सापडणार. आणि तुम्ही बाटलीत भरून ठेवलेलं पाणी कोर्टात टिकत नाही, 1974 च्या जलप्रदूषण कायद्यात नमुना मंडळाच्या माणसानं ठरलेल्या पद्धतीनं, सीलबंद करून घ्यायचा असतो. म्हणून पहाटेच फोन करायचा, कुणाशी बोललात, किती वाजता, ते लिहून ठेवायचं, आणि ईमेल किंवा लेखी अर्ज द्यायचा. फोटोत लोकेशन आणि वेळ चालू ठेवा, नुसत्या माशांचा फोटो काढू नका, पाण्याचा रंग कुठून बदलतोय, कुठला नाला येतोय तेही घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव जोडलात तर ऑफिसातले लोक जरा लवकर उठतात. मंडळ हललंच नाही तर हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे.

आणि ते मासे उचलून घरी नेऊ नका, कुणाला विकूही देऊ नका, ताजे दिसले तरी.